हवेवरचं ड्रिल आणि त्याच्या नियमांमागची माणसं

गॅरेजात पत्र्याला भोक पाडणारं हातातलं छोटं ड्रिल, रस्ता फोडणारा ब्रेकर आणि विहिरीच्या तळाशी कातळात सुरुंगाची भोकं पाडणारा जॅकहॅमर, ही तिन्ही हत्यारं एकाच ताकदीवर चालतात. ती ताकद म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबून भरलेली हवा. हवेच्या ड्रिलला विजेची वायर नसते, त्यामुळे ओल्या जागेत यंत्रातून शॉक बसण्याची भीती नसते. जास्त ताण आला तर ते नुसतं थांबतं, मोटर जळत नाही. तेवढ्याच ताकदीच्या विजेच्या ड्रिलपेक्षा ते हलकंही असतं. या सगळ्या गुणांमुळे ते निरुपद्रवी वाटतं. ‘हवाच तर आहे’ असं म्हणून माणसं त्याच्याशी सैल वागतात.

या सैलपणाची किंमत अमेरिकेतल्या कामगारांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मोजली. तिथल्या नियमपुस्तकात हवेच्या ड्रिलविषयी आज जी कोरडी कलमं दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या मागे एखादा बोगदा, एखादं खाणकाम, एखादी दगडकामाची वखार उभी आहे. ती गोष्ट कळली की कलम पाठ करावं लागत नाही.

हूसॅकचा बोगदा

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला हूसॅक नावाचा डोंगर आहे. त्यातून रेल्वे नेण्यासाठी 1851 मध्ये बोगद्याचं काम सुरू झालं. लांबी पावणेपाच मैल, म्हणजे सुमारे साडेसात किलोमीटर. सुरुवातीची अनेक वर्षं कामगार छिन्नी आणि घणानं कातळात भोकं पाडत आणि त्यात दारू ठासत. काम इंचाइंचानं सरकत होतं. वाफेचं यंत्र आत नेण्याची सोय नव्हती, कारण धूर आणि उष्णतेनं माणसं गुदमरली असती.

आल्प्समधल्या बोगद्यात 1861 पासून दाबलेल्या हवेची ड्रिलं वापरली जात होती. मॅसॅच्युसेट्समधल्याच फिचबर्गच्या चार्ल्स बर्ली यांनी तशा जातीचं, पण अधिक टिकाऊ ड्रिल तयार केलं आणि 1866 मध्ये ते हूसॅकमध्ये कामाला लागलं. डीअरफिल्ड नदीवर बंधारा घालून पाण्याच्या जोरावर कॉम्प्रेसर चालवले गेले आणि हवा नळानं बोगद्याच्या तोंडापर्यंत नेली गेली. यात दुहेरी फायदा होता. ड्रिल चालवून बाहेर पडणारी हवा आत काम करणाऱ्यांना श्वासालाही मिळत होती. 1873 च्या नोव्हेंबरात बोगदा आरपार झाला आणि 1875 मध्ये पहिली गाडी त्यातून गेली. या कामात सुमारे 195 माणसं मेली. त्यांतली बहुतेक स्फोट, आग आणि दरडींमुळे गेली. ड्रिलमुळे काम झपाट्यानं पुढे जाऊ लागलं, पण ड्रिलनं स्वतःचे धोकेही आणले. ते समजायला त्या देशाला आणखी कित्येक वर्षं लागली.

हवा साठते, म्हणून ती घातक

पहिला धोका ड्रिलच्या टोकाला नसतो, तो नळीत असतो. कारखान्यात किंवा साइटवर नळीतला दाब साधारण 90 ते 100 पीएसआय असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सहा-सात किलोचा जोर. आतून 20 मिलिमीटर रुंद असलेल्या नळीचं क्षेत्रफळ जेमतेम तीन चौरस सेंटिमीटर भरतं. तरी तिच्या कपलिंगवर वीस किलोंच्या आसपास जोर सतत बाहेर ढकलत असतो. कपलिंग झिजलेलं असेल, पिन निघालेली असेल किंवा तारेनं कसंतरी बांधलेलं असेल, तर ते एका क्षणात सुटतं.

सुटल्यावर काय होतं ते पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावरून कळतं. पाणी दाबलं जात नाही. पाण्याचा पाइप फुटला की दाब लगेच पडतो. हवा मात्र दाबून लहान जागेत बसवलेली असते. वाट मिळताच ती फुगते आणि कॉम्प्रेसरची टाकी रिकामी होईपर्यंत फुगतच राहते. त्यामुळे सुटलेली नळी चाबकासारखी सपासप फिरते आणि तिच्या टोकाला लोखंडी कपलिंग असतं. त्याच्या एका फटक्यानं हाड मोडतं, डोळा जातो, डोक्यावर बसला तर जीवही जातो.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा कायदा 29 डिसेंबर 1970 रोजी सही होऊन मंजूर झाला आणि त्यातून ‘ओशा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. तिचे बांधकामासाठीचे नियम या बाबतीत नेमके आहेत. ड्रिल नळीला अशा पद्धतीनं जोडलेलं हवं, की ते चुकून सुटणारच नाही. नळीचा आतला व्यास अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर हवा जिथून येते तिथेच एक सुरक्षा झडप हवी, म्हणजे नळी फुटली तर दाब आपोआप पडेल. नळीला धरून ड्रिल वर ओढायचं किंवा खाली सोडायचं नाही. प्रत्यक्ष कामावर याच्या जोडीला दोन नळ्यांच्या सांध्यावर पोलादी दोरीचा फास घालतात. कपलिंग सुटलंच तर नळी त्या दोरीला लटकून राहते. ही दोरी स्वस्त असते आणि बसवायला मिनिटही लागत नाही.

दाबलेल्या हवेशी मस्करी हा वेगळा आणि भयंकर प्रकार आहे. कपड्यावरची धूळ झटकायला नळी अंगावर धरणं, गंमत म्हणून दुसऱ्याच्या अंगात हवा सोडणं, हे जीवघेणं ठरतं. हवा त्वचेच्या जखमेतून रक्तात शिरू शकते, कानाचा पडदा फाडू शकते, आणि गुदद्वारातून शिरली तर आतडं फोडते. असे मृत्यू आपल्याकडच्या कारखान्यांतही झाले आहेत. साफसफाईसाठी हवा वापरायचीच असेल तर दाब 30 पीएसआयच्या खाली आणावा आणि उडणारे कण अडवण्याची सोय असावी, असं ओशाचं कलम सांगतं. तेही यंत्र साफ करण्यासाठी. माणसाच्या अंगावर हवेचा झोत कधीच सोडायचा नाही.

फिरणारं टोक

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विमान कारखान्यांत लाखो बायका कामाला आल्या. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या कारखान्यात बी-24 जातीची 8,685 बॉम्बफेकी विमानं बांधली गेली. विमानाचा पत्रा रिव्हेटनं जोडतात आणि प्रत्येक रिव्हेटसाठी आधी भोक लागतं. ही भोकं हवेच्या हातड्रिलनं पाडली जात. ज्यांनी आयुष्यात ड्रिल धरलं नव्हतं अशा मुली आठवड्याभरात ते चालवायला शिकल्या.

त्या काळात व्हेरॉनिका लेक ही नटी एका डोळ्यावर रुळणाऱ्या लांब केसांसाठी प्रसिद्ध होती आणि कारखान्यातल्या मुली तिच्यासारखे केस ठेवत होत्या. 1943 मध्ये सरकारच्या विनंतीवरून तिनं केस बांधून घेतले आणि एका प्रचारचित्रासाठी आपले केस ड्रिल मशीनमध्ये गुंतलेले दाखवले. फिरत्या बिटमध्ये केसांची बट अडकली तर बोट ट्रिगरवरून उचलेपर्यंत टाळूची कातडी निघालेली असते, हे त्या एका छायाचित्रानं सांगितलं.

नियम आजही तोच आहे. केस बांधलेले, बाह्या घट्ट, ओढणी, मफलर, गळ्यातली साखळी काढून ठेवलेली. फिरणाऱ्या बिटजवळ सैल कापडी हातमोजे घालू नयेत. मोजा बोट वाचवत नाही, बोटाला आत ओढून नेतो. भोक पाडायचा तुकडा हातात न धरता व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं पक्का बांधावा. बिट पलीकडे निघण्याच्या क्षणी ते पत्र्याच्या कडेत अडकतं आणि तेव्हा ड्रिलच मनगट पिळून काढू पाहतं. म्हणून शेवटच्या एक-दोन मिलिमीटरला जोर कमी करायचा आणि बाजूची दांडी असेल तर दोन्ही हातांनी धरायचं. डोळ्याला बाजूनंही बंद असलेला चष्मा हवाच.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. हवेच्या मोटरमध्ये ठिणगी पडत नाही हे खरं आहे. पण पोलादाच्या बिटनं पोलादात भोक पाडताना ठिणगी पडू शकते. पेट्रोलच्या वाफा किंवा गॅस असलेल्या ठिकाणी हवेचं ड्रिल निर्धोक आहे असं समजून कामाला लागू नये.

धूळ: जिथे सगळं आधीच माहीत होतं

डेन्व्हरच्या जॉन जॉर्ज लेनर यांनी 1890 च्या दशकाच्या अखेरीस खाणींसाठी नव्या पद्धतीचं ड्रिल काढलं. त्यातली बिटची कांडी पोकळ होती. तिच्यातून हवा सोडून भोकातला भुगा बाहेर फुंकला जाई. त्यामुळे काम वेगानं होऊ लागलं, पण धुळीचे इतके लोट उठले की खाणकामगारांनी ती यंत्रं नाकारली. लेनर यांनी यंत्रं परत घेतली आणि त्याच पोकळ कांडीतून हवेऐवजी पाणी सोडलं. धूळ भोकातच चिखल होऊन बसली. कोरड्या ड्रिलला अमेरिकन खाणीत ‘विधवा करणारं यंत्र’ म्हणत. त्या यंत्रावरचा उतारा अशा रीतीनं विसावं शतक उजाडताना हातात आलेला होता.

तरीही 1930 साली वेस्ट व्हर्जिनियात जे व्हायला नको होतं ते झालं. गॉली ब्रिज गावाजवळ न्यू रिव्हर नदीचं पाणी वळवून वीज करण्यासाठी हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून सुमारे तीन मैलांचा बोगदा काढायचा होता. काम युनियन कार्बाइडच्या एका उपकंपनीचं होतं आणि कंत्राट राइनहार्ट अँड डेनिस या कंपनीकडे होतं. मंदीचे दिवस होते. दक्षिणेकडून पोट भरायला आलेले हजारो मजूर मिळत होते, त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय. वाटेतल्या कातळात सिलिका या खनिजाचं प्रमाण फार मोठं होतं, काही भागांत तर तो जवळपास शुद्ध सिलिकाच होता. पाणी सोडून भोकं पाडणं हळू होतं, म्हणून बरंचसं काम कोरडंच झालं, हे पुढे साक्षींतून आलं. आत इतकी पांढरी धूळ असे की थोड्या अंतरावरचा माणूस दिसत नसे. पाहणीला आत येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडावर मास्क असत आणि मजुरांना ते नसत, अशाही साक्षी झाल्या.

सिलिकाच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा आजार साधारणपणे दहा-वीस वर्षं ती धूळ खाल्ल्यावर दिसतो. हॉक्स नेस्टचे मजूर काही महिन्यांत, एक-दोन वर्षांत मेले. 1936 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि तिथे मृतांचा आकडा 476 सांगितला गेला. पन्नास वर्षांनी, 1986 साली, डॉ. मार्टिन चर्नियाक यांनी आपल्या अभ्यासात तो किमान 764 असल्याचा अंदाज मांडला. औद्योगिक आजारातून घडलेल्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी ही एक मानली जाते.

दगडातल्या सिलिकाचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती जाड धूळ नाकातच अडते. न दिसणारी बारीक धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. शरीरातल्या पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतः मरतात. त्या जागी व्रण तयार होतो. व्रणांनी फुप्फुस कडक होत जातं आणि ते पुन्हा मऊ करणारं औषध आजही नाही. अशा माणसाला क्षयाचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. ओशानं 2016 साली मर्यादा कडक केली. आठ तासांच्या पाळीत हवेत सरासरी दर घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका नको. पाळीभर काम करणारा माणूस साधारण दहा घनमीटर हवा श्वासात घेतो. म्हणजे दिवसाची परवानगी अर्धा मिलिग्रॅम झाली, मिठाच्या दहाएक कणांएवढी.

उपाय साधे आहेत. दगडात किंवा काँक्रीटमध्ये भोक पाडताना बिटच्या टोकाशी पाण्याची धार हवी. पाणी वापरता येत नसेल तर बिटभोवती टोपण आणि त्याला जोडलेला, बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम हवा. भोक हवेनं फुंकून साफ करायचं नाही आणि धूळ कोरडी झाडायची नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे निरुपयोगी आहे. एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क लागतो, आणि तोही दाढीच्या खुंटांवर नीट बसत नाही.

हात आणि कान

1918 च्या सुमारास डॉ. अॅलिस हॅमिल्टन इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या. हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापकवर्गात नेमलेली पहिली स्त्री म्हणून त्या पुढच्याच वर्षी नावाजल्या. बेडफर्डचा चुनखडक अमेरिकाभर इमारतींना जातो, एम्पायर स्टेट बिल्डिंगलाही तोच लागला. तिथले पाथरवट हवेवर चालणाऱ्या छिन्नीनं दगड घडवत. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं अचानक पांढरीफटक, बधिर होत. रेषेवर कापल्यासारखा पांढरा रंग आणि त्यापुढे संवेदना नाही. हॅमिल्टन यांनी तपासलेल्यांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांना हा त्रास होता. छिन्नी धरणारा हात जास्त बिघडलेला होता. कारण होतं कंप. सततच्या कंपानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आणि थंडीनं त्या आवळतात. साठ वर्षांनी, 1978 मध्ये, त्याच गावात पुन्हा पाहणी झाली तेव्हाही बहुतेक पाथरवटांना तोच आजार सापडला.

युरोपीय संघानं 2002 मध्ये कंपावर मर्यादा घातली. अमेरिकेत ओशाची कंपासाठी वेगळी मर्यादा आजही नाही. त्यामुळे तिथे आणि आपल्याकडेही काळजी हाताच्या मालकानंच घ्यायची आहे. ड्रिल गरजेपुरतंच घट्ट धरावं. काम यंत्राच्या वजनाला करू द्यावं, छातीनं दाबू नये. बोथट बिट लगेच बदलावं, कारण त्यानं काम आणि कंप दोन्ही वाढतात. दर काही वेळानं हात बदलावेत, पाळीत माणसं बदलावीत. थंडीत हात गरम ठेवावेत. बाहेर पडणारी गार हवा बोटांवर येऊ देऊ नये. तंबाखू आणि विडीनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात. बोटं पांढरी पडू लागली तर डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगावं.

आवाजाचंही तसंच. जॅकहॅमरचा आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. ओशाच्या हिशेबानं 100 डेसिबलमध्ये दिवसाला दोन तासच काम करता येतं. त्याच देशातल्या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या, म्हणजे ‘नायोश’च्या, शिफारशीनं तर फक्त पंधरा मिनिटं. कापसाचा बोळा पुरत नाही, कानात फोमचे बोळे किंवा वर कर्णटोप लागतो.

काम सुरू करताना, थांबवताना

सुरुवात नळीपासून करावी. चीर, फुगवटा, झिजलेलं कपलिंग दिसलं तर नळी बाजूला ठेवावी. हत्यारावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देऊ नये. हातड्रिलसाठी तो बहुधा 90 पीएसआय असतो. टाकीतलं पाणी काढावं, हवेच्या मार्गात तेलाचे काही थेंब द्यावेत. पाण्यानं मोटर गंजते, मग ड्रिल अडकतं आणि अडकलेल्या ड्रिलशी झटापट करताना माणूस जखमी होतो. बिट आवळणाऱ्या चकची चावी काढल्याशिवाय हवा सोडू नये.

बिट बदलायचं असेल, साफ करायचं असेल किंवा हत्यार कोणाला द्यायचं असेल, तर क्रम ठरलेला आहे. आधी हवेचा कॉक बंद करावा. मग ट्रिगर दाबून नळीत उरलेली हवा सोडून द्यावी. मगच नळी काढावी. नळी हातानं दुमडून हवा थांबवण्याची सवय अनेकांना असते. ती मोडावी, कारण दुमडलेली नळी हातातून सुटली की चाबूक होते.

सुरुंगाच्या कामात आणखी एक नियम प्राणापलीकडे जपावा. जुन्या भोकाच्या उरलेल्या तळात पुन्हा बिट घालायचं नाही आणि न उडालेल्या सुरुंगाच्या जवळ भोक पाडायचं नाही. आत राहिलेली स्फोटकाची कांडी बिटच्या ठोक्यानं उडते.

आपल्या विहिरींपर्यंत

महाराष्ट्रात उन्हाळ्यात गावोगाव ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर विहिरीच्या काठावर उभा राहतो. काठावरून नळी खाली सोडलेली असते आणि तळाशी बनियनवरचा मजूर जॅकहॅमर चालवत असतो. त्याच्या नाकाला रुमाल असतो आणि कानाला काहीच नसतं. दख्खनच्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी असते, ही त्याची नशिबाची बाजू. पण विदर्भातला वालुकाश्म, ग्रॅनाइट किंवा सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातली सिलिका यांच्याशी गाठ पडणाऱ्याला ती सवलत नाही. विहिरीच्या बंद तळात धूळ वर जायला जागाही नसते. सिलिकोसिस आपल्या कायद्यात नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे आणि त्यासाठी भरपाईची तरतूदही आहे. पण विहिरीवरच्या मजुराचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, म्हणून त्याचं फुप्फुस कोणत्याच नोंदीत येत नाही.

हॉक्स नेस्टमध्ये माणसं मेली ती अज्ञानानं नव्हे. पाणी सोडलं की धूळ बसते हे तोपर्यंत तिथल्या खाणींना तीसेक वर्षं माहीत होतं. पाणी न सोडण्याचा निर्णय कोणीतरी घेतला. हवेच्या ड्रिलची सुरक्षितता यंत्रात नसते, ती काम सांगणाऱ्याच्या निर्णयात असते. म्हणून विहीर खोदून घेणाऱ्या शेतकऱ्यानं, गॅरेजच्या मालकानं, रस्त्याच्या कंत्राटदारानं काम सुरू होण्याआधी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात: कपलिंगला पिन आणि दोरी आहे का, बिटवर पाणी पडतंय का, कामगाराला खरा मास्क आणि कानाचं संरक्षण दिलंय का, आणि त्याला थांबून हात झटकायला वेळ मिळतोय का. या चारही गोष्टींचा खर्च एका दिवसाच्या डिझेलच्या खर्चातून भागू शकतो. त्या नसतील तर काम थांबवा, आणि त्या मिळेपर्यंत सुरू करू नका.